अंगणवाडीतलं अंगण

‘अंगणवाडी’ हा शब्द आपण इतक्या सहज वापरतो की त्यातलं ‘अंगण’ ऐकूच येत नाही. आमच्या लासूर स्टेशनला कुणालाही विचारा, अंगणवाडी म्हणजे काय? एक खोली, भिंतीवर रंगवलेली फळं आणि प्राणी, कोपऱ्यात वजनकाटा, दुपारची खिचडी आणि लहान बाळांसाठी घरी न्यायची आहाराची पाकिटं. अंगण त्यात कुठेच नाही. पण हा शब्द रुळला तेव्हा त्याचा अर्थ अगदी शब्दशः होता. मुलं शाळेत येत नाहीत ना? मग शाळा त्यांच्या अंगणात न्यायची.

हे अंगण शब्दातून कसं हरवलं आणि आता ते पुन्हा शोधायची वेळ का आलीय, याची ही गोष्ट. ती बालवाड्यांची आहे, पण त्याहून जास्त ती मूल बोलायला कसं लागतं याची आहे. कारण बोलणं शाळेत शिकवायच्या आधीच शिकून झालेलं असतं. घरात, ओसरीवर, कुणाच्या तरी मांडीवर.

बोबड्या बोलांचा दुसरा अर्धा भाग

आमच्या गंगापूर तालुक्यातून गोदावरी ओलांडली की नेवासा तालुका लागतो. ‘ज्ञानेश्वरी’ तिथे सांगितली गेली, शके १२१२ म्हणजे इ.स. १२९० मध्ये. नवव्या अध्यायाच्या सुरुवातीला ज्ञानेश्वर श्रोत्यांना म्हणतात की माझं बोलणं सांभाळून घ्या. आणि त्यासाठी दाखला देतात तो लहान मुलाचा. मूल बोबडं बोलतं, वेडीवाकडी पावलं टाकतं आणि आईला त्याचंच कौतुक वाटतं.

सातशे वर्षांहून जुनं हे निरीक्षण मला वेगळ्या कारणासाठी महत्त्वाचं वाटतं. त्यात बोलणारा एकटा नाही. ऐकणारी आहे, आणि ती चुका काढत नाहीये, रमून ऐकतेय. बोबडे बोल हा निम्मा व्यवहार. उरलेला निम्मा ऐकणाऱ्याकडे असतो.

या दुसऱ्या अर्ध्या भागाचा अभ्यासही झालाय. १९६४ साली चार्ल्स फर्ग्युसन या अमेरिकन भाषातज्ज्ञाने लहान मुलांशी बोलायच्या भाषेवर एक निबंध लिहिला. त्यासाठी त्याने सहा भाषा निवडल्या : अरबी, कोमांची, गिल्याक, इंग्रजी, स्पॅनिश आणि मराठी. त्याच वर्षी आपल्या अशोक केळकरांचा मराठी बाळबोलीवरचा स्वतंत्र निबंध प्रसिद्ध झाला. मंमं, भूभू, माऊ, हम्मा, जोजो, भुर्र, गाई गाई. आपल्याला वाटतं हे शब्द मुलांनी तयार केले. फर्ग्युसनचं म्हणणं उलट होतं. हे शब्द मोठी माणसं मुलांना देतात. ते एका पिढीकडून पुढच्या पिढीकडे जातात, बाकीच्या भाषेसारखेच. म्हणजे ‘भूभू’ हा शब्द बाळाचा नाही, आजीचा आहे. सोपा आवाज, तोच दोनदा, लगेच उचलता येईल असा.

आता तळहातावरचा मोराचा खेळ आठवा. बाळाच्या तळव्यावर बोट टेकवून मोर बसवायचा, त्याला चारापाणी द्यायचं आणि मग भुर्रकन उडवून द्यायचा. मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो, त्यामुळे कुठलीही गोष्ट सुटी करून बघायची सवय आहे. या खेळाचे भाग सुटे केले तर असे दिसतात : दोघांचं लक्ष एकाच जागी, तेच शब्द त्याच क्रमाने, शेवटाआधी क्षणभर थांबणं आणि मग ठरलेली गंमत. पाचव्या-सहाव्या वेळी ते थांबणं आलं की बाळ हसायच्या तयारीत असतं. दहाव्या वेळी ते स्वतःच हात पुढे करतं. अजून एकही शब्द आलेला नाही, पण ‘पुन्हा कर’ हे वाक्य बोलून झालंय.

चिऊ-काऊच्या गोष्टीतही हेच आहे. कावळा दार वाजवतो, चिमणी ‘थांब’ म्हणते आणि दर वेळी बाळाचं एक नवं काम सांगते. तेच वाक्य पुन्हा पुन्हा येतं म्हणूनच मुलाला त्यात शिरता येतं. आधी शेवटचा शब्द ते म्हणतं, मग अर्धं वाक्य, मग अख्खी चिमणी तेच होतं.

तरीही ते रामराज्य नव्हतं

इथे एक मोह होतो. ‘पूर्वी किती छान होतं, आजी होती, अंगण होतं, आता मोबाइल आला आणि सगळं संपलं.’ हे वाक्य अर्धवट खरं आहे.

जात्यावरच्या ओव्या घ्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगाव फिरून लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांत लेकरांवरच्या ओव्या भरपूर आहेत. पण त्या ओव्या दळताना सुचलेल्या आहेत. पहाटे उठून घरभराचं पीठ दळणाऱ्या बाईला मुलाशी खेळायला वेगळा वेळ नव्हता. कामातच ती गायची आणि मूल जवळ असेल तर ऐकायचं. मुलाला दिवसभर सांभाळायची ती बहुतेकदा त्याची सहा-सात वर्षांची बहीण. त्या बहिणीचं स्वतःचं बालपण कडेवरच्या भावाखाली गेलं.

आणि ज्या मुलाला ऐकूच येत नव्हतं त्याचं काय? ‘बोलेल हळूहळू’ म्हणत वर्षं जायची. अंगणात माणसं भरपूर होती. पण हे मूल वळून का बघत नाही, हे ओळखायचं आणि पुढे काय करायचं हे कुणाला ठाऊक नव्हतं. जुन्या घराने बोलणाऱ्या मुलांना खूप काही दिलं. न बोलणाऱ्यांना फारसं काही दिलं नाही.

म्हणून हा खेळ कुणीतरी मुद्दाम, डोळसपणे मांडायची गरज होती.

भावनगर ते बोर्डी

१९०७ साली रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत मारिया मॉन्टेसरीने ‘मुलांचं घर’ सुरू केलं. तिचे विचार आपल्याकडे रुजवले ते गुजरातमध्ये भावनगरच्या गिजुभाई बधेकांनी. त्यांनी १९२० साली दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर काढलं. १९२३ मध्ये तिथे येऊन मिळाल्या मुंबईच्या ताराबाई मोडक. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे ताराबाईंनी ‘शिक्षणपत्रिका’ मराठीत काढली, आणि १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू केलं.

इथपर्यंतची गोष्ट शहरातली आहे. मॉन्टेसरीची साधनं महाग, आणि शिशुविहारात येणारी मुलं शिकलेल्या घरांतली. ताराबाईंना हे टोचत होतं. १९४५ साली, वयाच्या ५३व्या वर्षी, त्या तेव्हाच्या ठाणे आणि आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या. त्यांच्यासोबत होत्या ३५ वर्षांच्या अनुताई वाघ. लहानपणी लग्न, काही महिन्यांतच वैधव्य आणि मग शिकून शिक्षिका झालेल्या. या दोघींनी तिथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं.

आणि मुलं येईनात. घरून मजुरीला जाणाऱ्या आयांना मुलाला तयार करून, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी पोचवणं परवडणारं नव्हतं. तेव्हा बालवाडीच वस्तीवर जाऊ लागली. झाडाखाली नाहीतर कुणाच्या तरी अंगणात मुलं जमवायची. हातपाय धुवायचे, केस विंचरायचे, गाणं, गोष्ट, खेळ. महागड्या साधनांच्या जागी शिंपले, बिया, खडे, पानं, मातीची भांडी. मोजायला शिंपले पुरतात. लहान-मोठं ओळखायला दोन बिया पुरतात. एका जागी भरणारी ती केंद्रवर्ती बालवाडी आणि अंगणात भरणारी ती अंगणवाडी.

दोघींचं काम पुढे कोसबाडच्या टेकडीवर हललं. तिथे त्यांनी गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली आणि तिला ‘कुरणशाळा’ म्हटलं. थोरली बहीण धाकट्याला सांभाळायला घरी राहते, हे दिसल्यावर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी आणली आणि तिला ‘विकासवाडी’ नाव दिलं. ही मुलं मुख्यतः वारली. घरची बोली एक आणि पुस्तकाची मराठी दुसरी. अशा मुलाला पहिल्याच दिवशी पुस्तकाच्या भाषेत प्रश्न विचारला तर ते गप्प बसतं, आणि गप्प बसलं की ‘मंद’ ठरतं. खेळात मात्र ते बोलतं, कारण तिथे उत्तर चुकायची भीती नसते.

प्रत्येक वेळी त्यांचा प्रश्न तोच होता. मूल आत्ता कुठे आहे? आणि उत्तरही तेच : तिथे जायचं. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं. १९७३ मध्ये त्या गेल्या. अनुताई १९९२ मध्ये जाईपर्यंत याच कामात होत्या.

रुळाच्या या बाजूला

बोर्डीला अंगणवाडी भरत होती तेव्हा लासूर स्टेशन दुसऱ्याच राज्यात होतं. हैदराबाद ते मनमाड हा मीटरगेज रेल्वेमार्ग १९००च्या सुमारास सुरू झाला आणि शिवना नदीकाठच्या मूळ लासूरपासून वेगळी अशी ही स्टेशनाभोवतीची वस्ती वाढली. इथून गाडीत बसून मनमाडला उतरलात की तुम्ही निजामाच्या राज्यातून ब्रिटिश मुलखात पोचलेले असायचात. घरात मराठी, कचेरीत उर्दू, उच्च शिक्षणही उर्दूत. १७ सप्टेंबर १९४८ ला हे संपलं. १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. रस्ते, शाळा, दवाखाने, सगळ्याचीच सुरुवात इथे उशिरा झाली.

मग आला १९७२चा दुष्काळ. इथल्या म्हाताऱ्या माणसांना तो अजून महिन्यावार आठवतो. बायाबापड्या खडी फोडायला, मुलं कामाच्या ठिकाणीच, आणि खायला सुकडी. पोट हाच प्रश्न असण्याचे ते दिवस होते.

त्यानंतर तीनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला, एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या ३३ ठिकाणी सुरू झाली. तिच्या केंद्रांना नाव मिळालं ‘अंगणवाडी’. योजनेत सहा सेवा होत्या : पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, पुढच्या उपचारांसाठी पाठवणं, आयांना आहार-आरोग्याचं शिक्षण आणि शाळापूर्व शिक्षण. खेळ आणि बोलणं या यादीत होतं, पण सहापैकी एका रकान्यात. उपाशी देशाने आधी अन्नाकडे पाहिलं, हे बरोबरच होतं. त्या खिचडीने किती मुलं जगवली असतील, याची चेष्टा कुणी करू नये.

पण रचनेत एक फट राहिली. खेळ, गाणी, गोष्टी होत्या केंद्रात येणाऱ्या ३ ते ६ वर्षांच्या मुलांसाठी. तीनच्या आतल्या मुलांच्या घरी मुख्यतः आहार जायचा. आणि बोलण्याचा पाया घातला जातो तो नेमका याच तीन वर्षांत. ताराबाईंची अंगणवाडी मुलाकडे चालत जायची. सरकारी अंगणवाडीत मुलाने चालत यायचं होतं. शब्द तोच राहिला आणि अंगणाची खोली झाली.

किंग्स्टनची पिशवी

या फटीत काय हरवतं, याचा सगळ्यात ठोस पुरावा जमैकातून आला. १९८६-८७ मध्ये किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांत सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर आणि सहकाऱ्यांनी ९ ते २४ महिन्यांची, वाढ खुंटलेली १२९ मुलं निवडली. काहींना पूरक आहार, काहींना खेळ, काहींना दोन्ही, काहींना दोन्ही नाही. खेळ म्हणजे काय? आठवड्यातून एकदा, तासभर, दोन वर्षं, वस्तीतली आरोग्यसेविका घरी यायची. टाकाऊ वस्तूंची खेळणी पिशवीतून आणायची, ती वापरून मुलाशी कसं बोलायचं, खेळायचं हे आईला दाखवायची आणि खेळणी आठवडाभर घरीच ठेवून जायची.

वीस वर्षांनी ही मुलं पुन्हा शोधली. ज्यांच्या घरी ती पिशवी गेली होती, त्यांची कमाई न गेलेल्यांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त होती. फक्त पूरक आहार मिळालेल्यांत असा टिकणारा परिणाम दिसला नाही. अन्न लागतंच, पण एकटं अन्न पुरलं नाही.

२०१८ साली अमेरिकेत ४ ते ६ वर्षांच्या ३६ मुलांवर झालेल्या एका छोट्या अभ्यासाने याच गोष्टीची आतली बाजू दाखवली. मुलाच्या कानावर एकूण किती शब्द पडले यापेक्षा, मोठ्यांशी त्याची किती वेळा बोलण्याची देवाणघेवाण झाली याचा मेंदूतल्या भाषेच्या भागाच्या हालचालीशी जास्त जवळचा संबंध दिसला. म्हणजे दिवसभर चालू असलेल्या टीव्हीतले शब्द हे शब्द आहेत, पण देवाणघेवाण नाही. तो थांबत नाही. बाळाच्या तळव्यावरचा मोर थांबतो.

आपल्याकडेही चाकं हलली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरमधून सुरू झाला, बोर्डीच्याच परिसरातून. आजार आणि व्यंगांबरोबर ‘विकासातला विलंब’ही त्यात तपासायचा आहे आणि त्यासाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत. गेल्या दशकाच्या अखेरीस सेवाग्रामची वैद्यकीय संस्था, युनिसेफ आणि राज्य सरकार यांनी ‘आरंभ’ नावाचा उपक्रम आखला. त्याची सुरुवात यवतमाळ आणि आमच्या, तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात झाली. अंगणवाडी सेविकेने घरी जाऊन, पालक मेळावे भरवून, तीनच्या आतल्या मुलांशी खेळायचं कसं हे दाखवायचं. आणि २०२४ मध्ये केंद्र सरकारने जन्म ते तीन वर्षांसाठी ‘नवचेतना’ हा आराखडा आणला, घरातल्या खेळावरच आधारलेला. बोर्डीनंतर जवळपास ऐंशी वर्षांनी अंगण कागदावर परत आलं.

कांद्याच्या ढिगाशेजारी

कागदावरून घरात ते कसं येतं, हे मी सध्या बघतोय. माझा भाचा सव्वादोन वर्षांचा आहे. बोटाने दाखवतो, हाक मारली की वळतो, हसतो. पण शब्द मोजून सात-आठ. घरात दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, त्याचे आजोबाही चार वर्षांचे होईपर्यंत बोलले नव्हते आणि आता थांबत नाहीत. दुसरा पक्ष माझी ताई. तिने वाद न घालता शहरात नेऊन त्याची कानाची तपासणी करून घेतली. ऐकू नीट येतं. मग वाचा-उपचार सुरू झाले. पण शहर चाळीसेक किलोमीटर. दर खेपेला एक रोज बुडतो, त्यामुळे महिन्यातून दोनदाच जाणं होतं. बाकीचे अठ्ठावीस दिवस घराचे.

त्या अठ्ठावीस दिवसांसाठी तिला सांगितलेल्या गोष्टी मी वाचल्या तेव्हा गंमत वाटली. त्याच्या उंचीला बसा. तो बघतोय त्याचंच नाव घ्या. तो ‘पाणी’ म्हणाला तर तुम्ही ‘गार पाणी’ म्हणा. प्रश्नांची सरबत्ती नको. आणि बोलून झाल्यावर थांबा; मनात पाच आकडे मोजा. यातलं काहीही माझ्या आईला नवं नव्हतं. तिला नवं होतं ते एवढंच की याला उपचार म्हणतात.

आता आई चाळीतला कांदा निवडायला बसते तेव्हा तो शेजारी असतो. मोठा इकडे, गोल्टी तिकडे. ती म्हणते ‘मोठा’ आणि हात वर धरून थांबते. तो बघतो. कधी टाकतो, कधी पळून जातो. परवा ‘गोती’ म्हणाला. कुणी दुरुस्त केलं नाही.

तुमच्या घरात कांदा नसेल तर भांडी आहेत, धुवायचे कपडे आहेत, बसच्या खिडकीतून दिसणारी गुरं आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या सूचना दोन वर्षांच्या आत स्क्रीन नकोच म्हणतात, आणि २ ते ४ वर्षांत दिवसाला तासाभराहून जास्त नको. कारण मोबाइल वाईट आहे म्हणून नाही. तो मुलाची पाळी येऊ देत नाही म्हणून.

आणि जुन्या अंगणाला जे जमलं नव्हतं तेही आपल्या हातात आहे. वर्षापर्यंत बडबड नाही, दीड वर्षापर्यंत अर्थ असलेला एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडणं नाही, किंवा आलेले शब्द गेले, यातलं काहीही दिसलं तर ‘बोलेल हळूहळू’वर थांबायचं नाही. आधी कान तपासायचे. अंगणवाडी सेविकेला किंवा आशाताईंना विचारलं तर जिल्ह्याच्या केंद्राचा रस्ता त्या सांगतात. खेळ तपासणीच्या बदल्यात नाही, तपासणी खेळाच्या बदल्यात नाही.

त्या सेविकेच्या हातात आता फोन असतो. वजन, उंची, हजेरी ती त्यात भरते. मी याच धंद्यातला आहे, म्हणून मला माहीत आहे : जे रकान्यात मावतं ते काम होतं, बाकीचं राहून जातं. वजन किलोत मावतं. एखाद्या घरी अर्धा तास बसून आईला खेळ दाखवला, हे कशात मोजणार? अनुताईंच्या अंगणात किती शिंपले होते याची नोंद नाही. मुलं मात्र तिथे बोलत होती. ‘नवचेतना’ खरंच घराघरांत पोचवायची असेल तर या बायकांना तो अर्धा तास द्यावा लागेल, आणि त्या अर्ध्या तासाचे पैसेही.